३३ वर्षांच्या ग्रामसेवकीनंतर मन रमेल असे अर्धवेळ काम गावाजवळ कसे शोधावे?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका भाऊंचा प्रश्न असा आहे. ३३ वर्षे ग्रामसेवक आणि त्यातली शेवटची काही वर्षे ग्रामविकास अधिकारी म्हणून काम करून ते ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्तीवेतन वेळेवर येते, मुलगी नागपूरला आणि मुलगा पुण्याला आहे, अडीच एकर धानाचे शेत ठोक्याने दिले आहे. सकाळचा पेपर वाचून झाला की पुढचा दिवस अंगावर येतो, असे ते लिहितात. पैशाची निकड नाही, पण कोणी फुकटात राबवून घ्यावे अशीही इच्छा नाही. थोडे तास, मनाजोगते आणि गावापासून फार दूर नसलेले काम हवे आहे. भेटणारा प्रत्येक जण मात्र विमा एजंट व्हा, दुकान टाका, नाहीतर पुढच्या निवडणुकीला उभे राहा, एवढेच सुचवतो.

भाऊ, नमस्कार. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो. निवृत्तीनंतर भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या उत्तर भागातील मच्छीमार संस्था, शेतकरी कंपन्या आणि वनहक्क (गावच्या जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या ग्रामसभा यांची दप्तरे लावून देण्याचे काम करतो आणि त्या निमित्ताने बऱ्याच निवृत्त मंडळींची अशा संस्थांशी गाठ घालून दिली आहे. त्यातले काही जण रमले, काही एकदोन महिन्यांत परत फिरले. कोण का टिकले आणि कोण का टिकले नाही, हे जवळून पाहून जे समजले तेच इथे मांडतो.

तुम्ही विचारता की कोणते काम करावे. मला वाटते, त्याआधी एक गुंता सोडवायला हवा. ग्रामसेवकी ही एक नोकरी होती, पण तिच्या पोटात दहा निराळी कामे होती. नमुना ८ ची कर आकारणी होती, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली होती, ग्रामसभेचे प्रोसिडिंग (इतिवृत्त) होते, नळयोजनेची मोटर जळली की धावपळ होती, घरकुलाच्या यादीवरून भांडायला आलेली माणसे होती, रोपवन होते आणि पंचायत समितीच्या आढावा बैठका होत्या. ही सगळी सारखीच आवडती होती असे कोणीच म्हणू शकणार नाही. म्हणून कागद घेऊन बसा आणि यांतले कोणते काम तुम्ही वरून पत्र आले नसतानाही करत होता, कोणत्या कामात जेवणाची वेळ टळली तरी चिडचिड झाली नाही, ते लिहा. लोक तुमचे कौतुक कशाबद्दल करत, हे त्या कागदावर आणू नका, कारण त्यानेच माणूस हमखास फसतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. शालेय पोषण आहाराचा हिशेब केंद्रातल्या सगळ्या शाळांत सर्वांत चोख त्यांचा, अशी त्यांची ख्याती होती, त्यामुळे निवृत्त होताच गावच्या सेवा सोसायटीने त्यांना हिशेबाला मदत करायला बोलावले. पावसाळ्यात त्यांनी काम धरले आणि दिवाळीच्या आत सोडले. पुढे बोलताना उलगडा झाला की पोषण आहाराचा हिशेब ते चौकशीच्या धास्तीने चोख ठेवत असत. जीव होता तो तिसरी-चौथीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्यात. आज ते गावच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसतात, मुले त्यांची वाट पाहतात आणि ग्रंथपालाचे मानधन मुळातच तुटपुंजे असताना समितीने त्यांना येण्याजाण्याचा खर्च देऊ केला आहे. सोसायटीचे मानधन याहून जास्त होते, पण त्याचा विषयही ते काढत नाहीत.

दुसरी गोष्ट, गावाकडे अर्धवेळ काम म्हणजे आठवड्यातले ठरावीक दिवस असे समजून चाललात तर निराशा होईल. शहरात तसे मिळते. आपल्याकडचे काम हंगामाच्या मागे चालते. रोवणीच्या दिवसांत कोणाला सभेलाही वेळ नसतो. कापणी-मळणी झाली की धान खरेदीची वर्दळ सुरू होते, फाल्गुन-चैत्रात मोहफूल, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तेंदूपत्ता, ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद आणि सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. म्हणजे एखाद्या कामात दोन महिने दिवसाचे सहा तास जातील आणि पुढचे तीन महिने कोणी फोनही करणार नाही. हे वर्षाचे चित्र आधीच डोळ्यांसमोर असेल तर रिकामे महिने टोचत नाहीत आणि त्यात पुण्याला मुलाकडे निवांत राहून येता येते.

आता तुमच्या अनुभवाला साजेशी ठिकाणे पाहू. सर्वांत आधी शेतकरी उत्पादक कंपन्यांचे, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांचे सांगतो, कारण तिथे अर्धवेळ माणसाची खरी निकड आहे आणि ती का आहे हे समजून घेण्यासारखे आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. त्यात मुख्य कार्यकारी अधिकारी आणि हिशेबनीस यांच्या पगारासाठी मदत मिळते, पण ती तीन वर्षांपुरती. ती संपली की धानाच्या किंवा जवसाच्या छोट्या व्यवहारावर चालणाऱ्या कंपनीला पूर्णवेळ हिशेबनीस परवडत नाही. कायद्याच्या जबाबदाऱ्या मात्र तशाच राहतात. संचालक मंडळाची सभा दर तीन महिन्यांत एकदा तरी व्हावी लागते, इतिवृत्त लिहावे लागते, कंपनी निबंधकाकडे वार्षिक विवरणपत्रे जावी लागतात आणि ती उशिरा गेली तर प्रत्येक विवरणपत्रामागे दररोज १०० रुपये जादा शुल्क चढत जाते. विवरणपत्रे भरायचे काम तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा सनदी लेखापाल करतो, पण त्याच्यापर्यंत पावत्या, ठराव आणि सभासदांच्या याद्या वेळेत पोहोचवणारे कोणी नसते. विषयपत्रिका काढणे, ठराव नेमक्या शब्दांत लिहिणे आणि तारखांवर नजर ठेवणे हे तुम्ही ३३ वर्षे केले आहे. त्यातली प्रोसिडिंगची बाजू तुमच्या कागदावर आली असेल तर महिन्याला सहा-सात दिवसांचे हे काम तुम्हाला गोड लागेल. वसुलीची बाजू आली नसेल, तर सभासदांकडून थकबाकी गोळा करण्याचे काम आपले नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

दुसरे ठिकाण सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचे, आणि माझा जीव तिथे जास्त आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकारही. त्यानंतर पूर्व विदर्भात कितीतरी गावांनी ही वाट धरली. तुमच्या आणि देवरी तालुक्यातही अशा ग्रामसभा आहेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागी) ७० पानांचे पुडे मोजून घ्यायचे, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी या हिशेबाने नोंद करायची, कोणत्या घराने किती पुडे दिले ते दररोज लिहायचे आणि पैसे आले की त्याच नोंदीवरून ते घराघराच्या खात्यावर पाठवायचे. ही नोंद चुकली की गावात वर्षभराची तेढ होते. गावातल्या तरुणांना मोजणी उत्तम येते. अडते ते लिखाणात, ठेकेदाराशी करार करताना आणि खर्चाला आधी ठराव घेण्यात.

तुम्ही इथे जाणार असाल तर एक सवय मात्र घरी ठेवून जावी लागेल. तुम्ही ओळखता ती ग्रामसभा ग्रामपंचायतीची, सगळ्या गावांची आणि टोल्यांची (वाड्यांची) मिळून. तिचे सचिव तुम्ही. वनहक्क कायद्याखालची ग्रामसभा त्या एका गावाची असते, तिथले सगळे प्रौढ स्त्री-पुरुष तिचे सदस्य आणि तिचा सचिव त्यांच्यातलाच. तिथे तुम्ही बाहेरचे जाणकार असता. ठरावाचा मसुदा तुम्ही सुचवू शकता, पण काय ठरवायचे हे ते ठरवणार, आणि एखाद्या निर्णयाला गावाने तीन बैठका लावल्या तरी घड्याळाकडे न पाहता बसावे लागणार. ज्यांना हे साधले त्या निवृत्त मंडळींना या कामाने जेवढे समाधान दिले तेवढे मी दुसऱ्या कोणत्या कामात पाहिले नाही.

मामा (माजी मालगुजारी) तलावांवरच्या मच्छीमार संस्थांबद्दल थोडक्यात सांगतो. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि आज ढिवर बांधवांच्या संस्था ते ठेक्याने घेतात. बोटुकली (माशांची लहान पिल्ले) कधी आणि किती सोडली, मासळी किती निघाली, ठेक्याची रक्कम कधी भरली, एवढीच नोंद असते, पण ती नसल्यामुळे लेखापरीक्षणात संस्था अडकतात. ज्याला पहाटे तलावाच्या पाळीवर जायला आवडते त्याने हे काम घ्यावे. टेबलाशीच बसायला आवडणाऱ्याने घेऊ नये, कारण मासळी निघते तिथे हजर राहिल्याशिवाय नोंद खरी होत नाही.

तुमच्या कागदावर माणसांना समजावून सांगणे आले असेल, तर अभ्यासिकेकडे पाहा. आपल्या भागातल्या गावागावांत पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली वाचनालयाच्या एका खोलीत दिवसभर बसलेली असतात. पंचायत राज हा विषय ती पुस्तकातून पाठ करतात: वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२, ७३ वी घटनादुरुस्ती. त्यांनी पाठ केलेली ग्रामपंचायत तुम्ही चालवली आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळ हा विषय तुम्ही प्रत्यक्ष उदाहरणांनी शिकवलात तर ती मुले तुम्हाला सोडणार नाहीत. मानधन इथे नाममात्र मिळेल, पण तरुणांचा रोजचा सहवास मिळेल आणि मुले दूर असलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. नाटकाची आवड असेल तर झाडीपट्टी (पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या) नाटकांचे केंद्र असलेले वडसा रेल्वेने तुमच्यापासून फार लांब नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटके करतात आणि तारखा, मुक्काम, प्रवास यांचे गणित सांभाळणारा शांत माणूस त्यांना नेहमी हवा असतो. फक्त जागरण प्रकृतीला मानवते का, ते आधी बघा.

काम कोणतेही घ्या, अवघड भाग कामाचा नसतो. तो खुर्चीचा असतो, आणि त्यावर मी जरा विस्ताराने लिहितो, कारण परत फिरलेल्यांपैकी बहुतेक जण इथेच अडखळले. गावात तुम्हाला अजून लोक साहेब म्हणतात. उद्या ज्या कंपनीत तुम्ही जाल तिची अध्यक्ष कदाचित अशी बाई असेल की जी दाखल्यासाठी तुमच्या कार्यालयाबाहेर उभी राहिलेली आहे. ती तुम्हाला सांगेल, की साहेब, हा ठराव असा नको, आमच्या गटाने वेगळे ठरवले आहे. तेव्हा मनात पहिली लहर राग येण्याची असेल. ती येणारच, ती ओसरून तुम्ही पुन्हा पेन उचलता का, यावर सगळे अवलंबून आहे. हे आपल्याला जमणार नाही असे प्रामाणिकपणे वाटत असेल तर संस्थेचे काम टाळून मुलांना शिकवण्यासारखे काम घ्या, जिथे तुमचे वडीलपण आपोआप मान्य असते. यात कमीपणा काहीच नाही. याच कारणासाठी, ज्या ग्रामपंचायतीतून निवृत्त झालात तिच्या कारभारात निदान काही वर्षे कोणत्याही नावाने शिरू नका. तुमच्या काळातले लेखा आक्षेप अजून निकाली निघायचे असतील, नव्या ग्रामसेवकाला मोकळेपणा हवा असेल आणि गावकरी प्रत्येक गोष्टीत तुमचे नि त्याचे मोजमाप करत बसतील.

आणखी एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. ज्या जागेवर एखाद्या तरुणाची किंवा बचत गटातल्या बाईची चूल पेटू शकते, ती जागा निवृत्त माणसाने घेऊ नये. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर शाळांत घेण्याचे ठरले तेव्हा डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेल्या मुलांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटला होता. उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) ग्रामसंघात आणि प्रभागसंघात हिशेब लिहिणाऱ्या बाया आहेत; त्यांना किर्दीवरून (रोजच्या जमाखर्चाच्या वहीवरून) खतावणी (खातेवार नोंद) आणि खतावणीवरून तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींचा गोषवारा) कशी काढायची ते शेजारी बसून शिकवा, वही मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. शेतकरी कंपनीतही गावातला एखादा बी.कॉम. झालेला मुलगा सोबत घ्या आणि दोन वर्षांत तो सगळे सांभाळेल असे बघा. तेवढ्या काळात दुसरी एखादी संस्था तुम्हाला बोलावतेच.

पैशाचे म्हणाल तर मानधन जरूर घ्या. फुकट काम करणाऱ्याच्या वेळेला मर्यादा राहत नाही; रात्री नऊलाही फोन येतो आणि नाही म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय फुकट करणारा माणूस हळूहळू उपकारकर्ता होतो आणि त्याची चूक दाखवायला कोणी धजत नाही. पेट्रोलचा खर्च निघून हातात काही उरेल आणि संस्थेलाही जड होणार नाही, एवढी रक्कम ठरवा. ती, कामाचे महिने, वेळा आणि कोणते काम तुमचे नाही हे सारे एका कागदावर लिहून संस्थेचा ठराव घ्या. पहिला करार एका हंगामापुरताच करा. हंगाम संपला की दोघांनाही मोकळे होता येते आणि कोणाच्या मनात किल्मिष राहत नाही. असे मानधन घेतल्याने निवृत्तीवेतन थांबत नाही. आयकराच्या विवरणपत्रात मात्र ते उत्पन्न म्हणून दाखवा, आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला कामाच्या गडबडीत विसरू नका.

एक गोष्ट मात्र कोणी कितीही गळ घातली तरी करू नका: बँक खात्यावर सही करणारे होऊ नका आणि रोख रक्कम स्वतःजवळ ठेवू नका. निवृत्त सरकारी माणूस दिसला की पतसंस्था त्याला मानाने संचालक व्हायला बोलावते. सहकार कायद्यात संचालकांची जबाबदारी सामुदायिक असते. संस्थेचे नुकसान झाले तर कलम ८८ खाली ते संचालकांकडून वैयक्तिक वसूल होऊ शकते आणि कर्ज मंजुरीच्या सभेत तुम्ही फक्त चहा घेऊन उठला होता, हे तिथे कोणी ऐकत नाही. अशा चौकश्यांची कागदपत्रे मी नोकरीत पुष्कळ हाताळली आहेत. त्यांत अडकलेली कित्येक माणसे मुळात सज्जन होती. विमा आणि गुंतवणुकीच्या एजन्सीबद्दलही माझे मत प्रतिकूल आहे. ते काम वाईट नाही, पण पहिले ग्राहक तुमचे नातेवाईक आणि जुने गावकरीच असणार, आणि ३३ वर्षांत कमावलेला विश्वास तुम्ही हप्त्याच्या पावतीला जोडणार.

इथून पुढचे मला तुमच्या वतीने ठरवता येणार नाही. तुमची प्रकृती कशी आहे, दुचाकीवर किती किलोमीटर सहज जाता, संगणकावर हात कितपत चालतो, यावर बरेच ठरेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तेंदूपत्त्याचे काम सकाळी नऊच्या आत आणि उन्हे उतरल्यावरच करावे लागते. आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातल्या रस्त्याने अंधार पडल्यावर एकट्याने परत येणे मी कोणालाही सुचवणार नाही. वहिनींशीही आधी बोला. तुम्ही नोकरीत असताना त्यांनी त्यांचा दिवस एका पद्धतीने लावून घेतला असेल, आणि कदाचित तुम्ही आता घरी असावे अशी त्यांची अपेक्षा असेल, कदाचित अगदी उलट.

अशा कामांच्या जाहिराती येत नाहीत, त्यामुळे कुठे विचारायचे तेवढे सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी जो सनदी लेखापाल किंवा प्रमाणित लेखापरीक्षक सहकारी संस्था आणि शेतकरी कंपन्यांची कामे करतो, त्याच्याकडे एप्रिल ते जूनच्या दरम्यान जाऊन बसा. कोणत्या संस्थेचे दप्तर मागे पडले आहे आणि कोणती माणसे सचोटीची आहेत, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते, आणि त्याचे स्वतःचे काम हलके होणार असल्याने तो मनापासून नाव सांगतो. सामूहिक वनहक्कांच्या कामासाठी ग्रामसभांच्या महासंघाच्या बैठकीला श्रोता म्हणून जा आणि पहिल्या दोन बैठकांत काही बोलू नका. वाचनालयाच्या कामासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही. संध्याकाळी जाऊन मुलांच्या शेजारी बसा.

संस्थेशी पहिली भेट झाली की मागच्या वर्षाची किर्द आणि इतिवृत्ताचे पुस्तक बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा घेऊन परत या आणि पुन्हा जाऊ नका. दाखवले, त्यात कोऱ्या जागा आणि खाडाखोड दिसली आणि ती नीट लावून द्यावी अशी घाई तुमच्या मनाला झाली, तर होकार देऊन टाका. पाने उलटताना नुसता थकवा आला, तर तसे स्पष्ट सांगून अभ्यासिकेत जा. तुम्ही त्या कागदावर काय लिहिले, दुचाकीवर किती अंतर जाता आणि कोणते महिने मोकळे आहेत, एवढे कळवा. देवरी आणि सडक अर्जुनीच्या बाजूला पुढच्या तेंदू हंगामासाठी लिहिणारा माणूस शोधणाऱ्या ग्रामसभा माझ्या माहितीत आहेत, त्यांच्याशी तुमची गाठ घालून देईन.